लाइन क्लिअर

दौंड, ३ मे २००६, बुधवार

नोकरीत असताना रोजची डायरी लिहायची सवय होती. निवृत्त झाल्यावर ती सुटली आणि तेव्हापासून संध्याकाळी उगाच चुकल्याचुकल्यासारखे वाटते. आजपासून पुन्हा लिहितो. लिहिण्यासारखे कारणही आहे.

निवृत्तीनंतर मी स्टेशन रोडला सायबर कॅफे टाकला आहे. पाच कॉम्प्युटर आणि ब्रॉडबँड. लोकांनी नावे सुचवली होती, पण मी 'लाइन क्लिअर' हेच ठेवले. उभी हयात सहायक स्टेशन मास्तर म्हणून काढली, त्यातला हा सगळ्यात चांगला शब्द. गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनाला फोन करून विचारावे लागते. तिकडचा मास्तर विचारलेले जसेच्या तसे परत म्हणतो, मग लाइन मोकळी असेल तर 'लाइन क्लिअर' म्हणतो आणि आपल्या कागदावरचा एक नंबर देतो. आपण तो नंबर परत म्हणून दाखवायचा. नंबर मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही, मग आत मंत्री बसलेला का असेना.

काउंटरवर माझी धाकटी मुलगी दीक्षा बसते. बी.एस्सी. झाली आहे. खरे तर कॅफे तीच चालवते, पण मालक मी आहे.

आज शिरूरहून माझा मेव्हणा म्हाळू आला. एसटीत कंडक्टर आहे. त्याने स्टँडवर हाक मारली तर मागच्या सीटवर झोपलेला माणूस उठून तिकीट मागतो.

"दाजी, दीक्षासाठी सोन्यासारखं स्थळ आणलंय," म्हणाला. "सणसवाडीचं. पोरगा बहरीनला हाय, एसीच्या कंपनीत. नाव सुमित. आई एकटीच, खोल्या भाड्यानं देती. आपल्यातलीच माणसं, देणं-घेणं काय न्हाई. फकस्त एक अडचन हाय. पोराला रजा न्हाई."

"मग मुलगी बघायची कशी?"

"आता काय म्हनावं! तुमचं दुकान कशाचं हाय?"

मला हे आधी सुचले नाही याचे वाईट वाटले.

दीक्षा तिथेच होती. ती तीन नंबरचा कीबोर्ड पुसत राहिली. तो सकाळीच पुसला होता. मुली अशा वेळी लाजतात.

९ मे, मंगळवार

सुमितबरोबर पहिली चाचणी घेतली. मुलगा साधा आणि बोलायला नम्र आहे. 'जयभीम मास्तर' म्हणाला, तेही दोन वेळा ऐकू आले.

त्याचे चित्र आमच्याकडे बरे दिसते. आमचे चित्र मात्र त्याच्याकडे ठोकळ्याठोकळ्यांनी जाते आणि मधेच थिजते. दीक्षाने इंटरनेटवर वाचून मला कारण समजावले. आपण बोललो की बोलण्याचे बारीक तुकडे होतात. एकेक तुकडा डब्यासारखा सुटा निघतो आणि पलीकडे पुन्हा जोडला जातो. त्याला पॅकेट म्हणतात. माझी पत्नी ताईबाई ऐकत होती, तिने विचारले, "पाकिटात घालून धाडत्यात का काय?" मी हो म्हणून सोडून दिले.

आमची लाइन अशी आहे की येणारा रस्ता रुंद आणि जाणारा अरुंद. पुण्याहून दौंडपर्यंत डबल लाइन आणि पुढे मनमाडकडे सिंगल, तसेच.

दीक्षा म्हणाली, "म्हणजे त्यांचं सगळं आपल्याकडे येतं आणि आपलं त्यांच्याकडे जात नाही."

मी म्हणालो, अगदी बरोबर समजलीस.

आणखी एक गोष्ट कळली. गाणी, निकाल वगैरेचे डबे उशिरा आले तरी चालतात. कोळसा उशिरा आला तरी कोळसाच असतो. पण समोरासमोर चाललेल्या बोलण्यातला डबा उशिरा आला तर मशीन तो सरळ टाकून देते. वेळेवर न पोचलेला शब्द न बोलल्यासारखाच. हे मला फार कडक वाटले, पण वक्तशीरपणाच्या दृष्टीने योग्य आहे.

१२ मे, शुक्रवार

बहरीनला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून कार्यक्रम आज ठेवला. सुमितची आई कुशाबाई सणसवाडीहून आल्या होत्या. त्यांच्या खोल्यांत कंपन्यांतली बिहारी मुले राहतात, त्यामुळे बोलण्यात हिंदी फार येते. "आमचा सुमित एकदम सीधा हाय ताई," असे ताईबाईला म्हणाल्या. "खोलीतली पोरं बी म्हंत्यात, माँजी, सुमितभाई जैसा कोई नहीं."

पोहे, चहा झाला. दीक्षाला एक नंबरच्या कॉम्प्युटरसमोर बसवले. मागे आम्ही सगळे उभे. बाकीच्या चार मशीनवर गिऱ्हाईक चालू ठेवले होते. पॅसेंजर जायची म्हणून कुणी मालगाड्या बंद करत नाही.

सुमित दिसला. ओठ हलले, मग आवाज आला, "हॅलो, आवाज येतोय का?"

दीक्षा म्हणाली, "व्हय."

पुढे सुमितचे ओठ पुन्हा हलले. "...ला ...संत ... ना?" एवढे आले आणि लाइट गेली. भारनियमन दुपारचे होते, ते आज संध्याकाळी केले. इन्व्हर्टर होता, पण मोडेमची पिन मी साध्या बोर्डात लावलेली होती. पंखा तेवढा चालू राहिला.

म्हाळू अंधारातच मॉनिटरकडे तोंड करून "सुमितराव! ओ सुमितराव!" असे ओरडत होता. मी त्याला सांगितले की बहरीनपर्यंत असे जात नाही.

कुशाबाई मात्र खूश होत्या. "पोरगी 'व्हय' म्हनाली. आजकालच्या शिकल्याल्या पोरी 'या, या' करत्यात. ही आपल्यातली हाय."

माझ्या कॅफेची पहिलीच मोठी सेवा आणि ती अशी फसली. मला फार शरम वाटली.

१३ मे, शनिवार, बुद्धपौर्णिमा

सकाळी विहारात वंदनेला गेलो. परत येतो तो कुशाबाईंचा फोन. मला 'याही' म्हणाल्या, म्हणजे व्याही! सुमितने आईला कळवले की मुलगी पसंत आहे, आणि त्याने 'हे स्थळ पसंत आहे ना' विचारल्यावर मुलगीही 'व्हय' म्हणाली. आम्ही सर्वांनी 'व्हय' ऐकले होतेच. म्हाळूने लगेच चार जूनचा साखरपुडा ठरवून टाकला, सणसवाडीत. दुपारपर्यंत आळीत खीर वाटून झाली.

मोडेम बंद पडूनही काम झाले याचे मला नवल वाटते.

दीक्षा म्हणाली, "आप्पा, मी फक्त आवाज येतोय एवढंच सांगितलं."

मी म्हणालो, "तेच तर. आवाज गेला म्हणून काम झालं."

ती आत गेली आणि जेवली नाही. ऊन फार आहे, माणसाची भूक जाते.

१६ मे, मंगळवार

विशेष काही नाही. दीक्षाने दुपारी विचारले की एका ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या रुळावर, गाडी असताना दुसरी का सोडत नाहीत, आणि सिंगल लाइनवर ड्रायव्हरला परवानगीचे टोकन नेमके कसे देतात. मी तिला तासभर समजावले. काउंटरवर तिचे वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले पुस्तक होते, त्यात ती पेन्सिलने लिहून घेत होती. कॅफे सुधारण्याची तिला माझ्याइतकीच तळमळ आहे, हे पाहून बरे वाटले.

नंतर तिने एक डोळा झाकून समोरच्या मेडिकलची पाटी वाचून दाखवली, मग दुसरा झाकून, आणि "बरोबर आलं का?" म्हणून विचारले. मॉनिटरमुळे डोळे बिघडतात अशी तिला शंका असावी. पूर्ण बरोबर आले.

१८ मे, गुरुवार

आज एक गोष्ट सापडली आणि ती सापडली नसती तर बरे झाले असते असे वाटते.

मागची फजिती पुन्हा होऊ नये म्हणून सुमितबरोबर चाचणी घेतली. मी टाळी वाजवायची, त्याने ती दिसताच वाजवायची. मी टाळी वाजवली. हात मांडीवर ठेवले, चष्मा सावरला, तेव्हा कुठे त्याची टाळी आली. पुन्हा केले, तरी तसेच. म्हणजे इकडचे तिकडे जायला वेळ लागतो आणि तिकडचे इकडे यायलाही लागतो.

चाचणी संपताना सुमित लाजत म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी त्यांनी फार लवकर उत्तर दिलं. मी पसंत आहे ना विचारलं आणि माझं तोंड मिटतंय तोच 'व्हय' आलं."

मी जयभीम म्हणून लाइन बंद केली. पण या लाइनवर तोंड मिटताच उत्तर येऊच शकत नाही. उत्तराला टाळीइतका वेळ लागलाच पाहिजे.

कागदावर गाड्यांच्या वेळा मांडतात तसे मांडून पाहिले. सुमितने विचारले, आवाज येतोय का. ते आमच्याकडे पोचले, दीक्षा 'व्हय' म्हणाली, ते वाटेत निघाले. सुमितला वाटले, काही ऐकू गेले नाही. त्याने वाट पाहून दुसरा प्रश्न विचारला. तेवढ्यात पहिल्या प्रश्नाचा 'व्हय' तिकडे पोचला आणि दुसऱ्याला चिकटला. दुसरा प्रश्न आमच्याकडे तुटक आला आणि लाइट गेली.

होकार आवाजाला होता. स्थळाला नव्हता.

ताईबाईला सांगितले. ती भाजी निवडत होती. "मला त्याच दिशी ठावं हुतं," म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी मोडेमची पिन बघत हुता."

१९ मे, शुक्रवार

म्हाळूला शिरूरहून बोलावून घेतले. त्याला सगळे समजावले. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, "दाजी, गाडी सुटली. आता कशाला दारात हुबं ऱ्हाऊन तिकिटं तपासताय?"

मी म्हणालो, चुकीच्या तिकिटावर माणूस बसला असेल तर तपासावे लागते.

"आन् पोरगी 'व्हय' म्हनाली न्हाई का?"

"म्हणाली."

"मग? कशाला म्हनाली, ते कोन इचारतंय?"

मला राग आला. एका गाडीची परवानगी दुसऱ्या गाडीला लावली तर काय होते ते म्हाळूला माहीत नाही. एसटीत तसे नियम नसतात. मी ठणकावून सांगितले की कार्यक्रम पुन्हा होईल, सेवेचा दर्जा सुधारून होईल, आणि तोपर्यंत साखरपुड्याची कुणी खरेदी करायची नाही. म्हाळू चहा न घेता न्हावऱ्यावरून जाणाऱ्या शिरूरच्या गाडीने गेला.

दीक्षा दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारले, "आप्पा, तुम्हाला लाइन तपासायची आहे, का मला विचारायचं आहे?"

मी म्हणालो, चाचणीत दोन्ही येते. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काय म्हणायचे होते ते नीट कळले नाही, पण दिवसभर ते डोक्यातून गेले नाही.

२३ मे, मंगळवार

पुण्याहून नवे राउटर आणले. यात कुठल्या डब्यांना आधी सोडायचे ते आपण ठरवू शकतो. याला क्वालिटी ऑफ सर्व्हिस म्हणतात. मला हे यंत्र पाहताच आवडले. मेल पुढे, पॅसेंजर मागे, मालगाडी बाजूच्या लूप लाइनला उभी. एवढी वर्षे मी हेच केले. यापुढे चार नंबरवर कुणी गाणी उतरवत बसला तरी ती लूपला थांबतील.

इंग्रजी माहितीपुस्तक दीक्षाने वाचले. मी सांगितले, पहिला नंबर चित्राला दे. बघण्याचा कार्यक्रम आहे, दिसले पाहिजे.

"आणि आवाजाला?"

"दुसरा."

"बरं," म्हणाली आणि तसे केले.

संध्याकाळी सुमितशी चाचणी झाली. चित्र अतिशय सुंदर. दीक्षाच्या ओढणीवरची नक्षीसुद्धा तिकडे दिसली म्हणे. आवाज मात्र जवळजवळ गेलाच नाही. दीक्षा बोलत होती, तिचे तोंड हलताना तिकडे स्वच्छ दिसत होते आणि ऐकू काही येत नव्हते.

म्हाळू रुसवा सोडून आला होता. तो खूश झाला. "झ्याक! आता काय करायचंय आवाज? पोरगी दिसली म्हंजी बास."

तांत्रिकदृष्ट्या हे मत चुकीचे आहे, असे मी त्याला सांगितले. पण सांगताना जाणवले की दोन तासांपूर्वी मीही तेच म्हणालो होतो.

२५ मे, गुरुवार

क्रम बदलला. पहिला नंबर आवाज, दुसरा चित्र, बाकी सगळे लूपला. चित्राचा एखादा डबा गळला तरी माणूस ओळखू येतो. शब्द गळला तर अर्थ फिरतो. हे मी म्हणालो, पण बटणे दाबण्याच्या आधी दीक्षाने तेच करून ठेवलेले होते.

उशीर कमी झाला. पूर्ण गेला नाही, तो समुद्राचा आहे, त्याला राउटर काही करू शकत नाही. मग मी एक पद्धत काढली. खरे तर काढली नाही, होतीच. ज्याला प्रश्न विचारला त्याने तो आधी परत म्हणायचा आणि मगच उत्तर द्यायचे. समोरच्याने उत्तर परत म्हणायचे. म्हणजे कुठला 'व्हय' कुठल्या प्रश्नाचा यात घोटाळा होणार नाही. सुमितलाही कळवले. तो म्हणाला, चालेल मास्तर.

दीक्षा उजळली. "आणि मधे कुणी बोलायचं नाही?"

"नाही. सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी."

"मामानंसुद्धा?"

"मामानंसुद्धा."

ती हसली. मे महिन्यात पहिल्यांदाच हसताना पाहिली. रात्रीचे जेवणही व्यवस्थित जेवली. ऊन थोडे उतरले आहे.

२६ मे, शुक्रवार

सगळे सविस्तर लिहितो.

मोडेम आणि राउटरच्या पिना मी स्वतः इन्व्हर्टरच्या बोर्डात लावल्या. कुशाबाई आल्या. दुसऱ्यांदा यावे लागले म्हणून त्या थोड्या नाराज होत्या, पण ताईबाईने पुरणपोळी केली होती. म्हाळूने माझ्यासमोर शब्द दिला की मधे बोलणार नाही. बाकीच्या मशीनवर निकाल बघायला मुले आली होती, त्यांना मी घालवले नाही.

सुमित आला. आवाज इतका स्वच्छ की त्याच्या खोलीतल्या एसीची घरघर ऐकू येत होती.

"आवाज येतोय का?"

दीक्षा म्हणाली, "तुम्ही विचारलंत, आवाज येतोय का. उत्तर, हो, स्पष्ट येतोय."

"तुम्ही म्हणालात, स्पष्ट येतोय," सुमित म्हणाला. कुशाबाईंना हसू आले. "ह्ये काय, शाळा हाय का काय?"

मग सुमितने शिक्षण विचारले, आवड विचारली. सगळे पद्धतीप्रमाणे झाले. मला इतका आनंद झाला होता की मी राउटरचे हिरवे दिवेच बघत होतो. शेवटी तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तुम्हाला हे स्थळ पसंत आहे का?"

दीक्षाने पाठ सरळ केली. "तुम्ही विचारलंत, मला हे स्थळ पसंत आहे का."

मग ती थांबली. मी दिव्यांकडे पाहिले. सगळे चालू. थांबणे लाइनचे नव्हते, तिचे होते. आणि एकदम माझ्या लक्षात आले की महिनाभर ती अशीच थांबत होती. मी दर वेळी लाइनकडे बघितले.

"उत्तर, नाही," ती म्हणाली. "तुमच्यात काही कमी नाही. मला आत्ता लग्न करायचं नाही आणि बहरीनला यायचं नाही. मला हे आधी कुणी विचारलं नव्हतं."

म्हाळू एकदम पुढे झाला आणि माइक ओढून घेऊन ओरडला, "सुमितराव, लाइन खराब हाय! तिला ऐकू येत न्हाई! ऐकू येत न्हाई म्हनतीया ती!"

सुमित गोंधळला. "मास्तर? लाइन खराब आहे का? मला तर सगळं नीट आलं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. म्हाळूने डोळ्याने खुणावले. कुशाबाईंचा चेहरा उतरला होता, आणि मी 'खराब आहे' म्हणावे अशी त्यांचीही इच्छा दिसत होती. म्हटले असते तर आजचा दिवस निभावला असता. पाहुणे मानाने गेले असते, म्हाळूचा शब्द राहिला असता, पोरीला नंतर समजावता आले असते. क्षणभर वाटले, म्हणावे. मग ताईबाईकडे पाहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती, म्हणजे मी काय म्हणणार याची तिला खात्री नव्हती. ते मला फार लागले.

मी म्हाळूच्या हातातून माइक घेतला.

"तुम्ही विचारलंत, लाइन खराब आहे का," मी म्हणालो. "उत्तर, लाइन चांगली आहे. एकही शब्द गळलेला नाही. तिनं सांगितलं तेच तुम्हाला पोचलं आहे."

तिकडे वेळ लागला. तो समुद्राचा किती आणि त्याचा किती ते मी सांगू शकत नाही.

"तुम्ही म्हणालात, नाही," सुमित दीक्षाला म्हणाला. "बरं झालं, नीट कळलं. जयभीम."

"जयभीम," दीक्षा म्हणाली.

तीन नंबरवरच्या मुलाने मधेच विचारले, "काका, प्रिंट मिळंल का?" मी त्याला प्रिंट दिली.

२७ मे, शनिवार

म्हाळू म्हणतो, दाजींनी माझी अब्रू घालवली, एक शब्द म्हटला असता तर काय बिघडले असते? लाइनला काय राग आला असता? त्याचे म्हणणे त्याच्या जागी बरोबर आहे. तो वाईट माणूस नाही, भाचीचे चांगले व्हावे म्हणूनच धडपडला. पण लाइन चांगली असताना मी खराब म्हणणार नाही. ती चांगली करायला मला महिना लागला आहे.

कुशाबाईंचा फोन आला. आता पुन्हा 'मास्तर' म्हणाल्या. आवाज कोरडा होता. पण ठेवताना म्हणाल्या, "माझ्या लग्नात मला कुनी इचारलंच न्हाई, मास्तर. जाऊ द्या."

३१ मे, बुधवार

आळीत चर्चा आहे. खीर वाटली ते लोक विचारतात. मी सांगतो, तांत्रिक कारण.

दीक्षाने आज मलाही एक डोळा झाकून पाटी वाचायला लावली. माझी चुकली.

४ जून, रविवार

आज सणसवाडीत साखरपुडा असता. ताईबाईने शिरा केला, का केला ते सांगितले नाही.

दुपारी कॅफेत गिऱ्हाईक नव्हते. दीक्षा काउंटरवर पुस्तक वाचत बसली होती. मी समोर खुर्ची घेऊन बसलो. मला एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो तीन मेलाच, म्हाळू स्थळ घेऊन आला तेव्हाच, विचारायला हवा होता.

"दीक्षा, तुला काय करायचं आहे?"

तिने पुस्तक मिटले. "तुम्ही विचारलंत, मला काय करायचं आहे," ती म्हणाली आणि थांबली. मी या वेळी कुठल्याच दिव्याकडे पाहिले नाही. "उत्तर. रेल्वेची सहायक स्टेशन मास्तरची परीक्षा. मी फॉर्म भरलाय. पुढच्या महिन्यात पेपर आहे, मग डोळ्यांची तपासणी. पास झाले तर मिळेल त्या स्टेशनला जावं लागेल. जाऊ का, आप्पा?"

पुस्तकाचे कव्हर सुटले होते. आत रेल्वे भरतीचे पुस्तक होते. ब्लॉक, टोकन, समोरच्या मेडिकलची पाटी, सगळे एकदम समजले. मी समजत होतो, पोर कॅफेची काळजी करते आहे.

आधी भीती वाटली. रानातली स्टेशने मी पाहिलेली आहेत. पावसापाण्यात एकट्याने काढलेल्या रात्री मला माहीत आहेत, आणि मुलीने त्या काढाव्यात असे कुठल्या बापाला वाटेल? मग दुसरे काहीतरी वाटले. ते इतके मोठे होते की मला बसवेना, मी उभा राहिलो. शर्टाचे वरचे बटण उघडे होते, ते लावले.

"तू विचारलंस," मी म्हणालो. "पास झाल्यावर मिळेल त्या स्टेशनला जाऊ का."

"हो."

"लाइन क्लिअर. नंबर त्रेसष्ट."

"त्रेसष्ट," तिने परत म्हणून दाखवले.

नंबरांचा कागद मी निवृत्त होताना जमा केला आहे. हा नंबर मनाने दिला, नियमात बसत नाही. पण दिला आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो. त्रेसष्ट.